चि. समीरला, कानांविषयी

नौपाडा, ठाणे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या कार्यक्रमानंतर तुझ्या उजव्या कानात शिट्टी वाजत राहिली, हे तू आईला सांगितलेस आणि बाबांना कळू देऊ नकोस असेही बजावलेस. तिच्या पोटात ते किती वेळ राहणार? आता तुमचा बँड युरोपच्या दौऱ्यावर निघतो आहे. ऐन निघताना तुझ्या मागे लागायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

नोकरीचा विषय मी काढणार नाही. तो आपण गणपतीतच संपवला. उलट घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये तुमचा कार्यक्रम ऐकला, तेव्हाच माझे मन निश्चिंत झाले होते. मोबाइलवर तुझे वादन मला नीट कळत नसे; बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा, तो त्या इवल्या स्पीकरमधून कुठून निघणार? तिथे मात्र तो खुर्चीच्या हातातून माझ्या कोपरापर्यंत आला. फ्रेट म्हणजे पडदे नसलेल्या बेसवर तू लांबलचक मींड घेतलीस, तेव्हा कुसुमआत्याच्या तोंडून सगळ्यांसमक्ष ‘वाह’ निघाले. ती कुणाला सहजासहजी दाद देत नाही, हे तुला ठाऊक आहे.

पण त्याच वेळी माझ्या नजरेस आले की ड्रमरची हाय-हॅट, म्हणजे ती झांजांची जोडी, तुझ्या उजव्या कानापासून हातभरच अंतरावर होती.

अप्पांना आठव. वागळे इस्टेटमधल्या प्रेस शॉपमध्ये, धातूवर ठोके मारणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, त्यांची उभी हयात गेली आणि दर गुरुवारी ते भजनात पखवाज वाजवत. आधी त्यांना टाळ ऐकू येईनासा झाला, मग बोलण्यातले स आणि श निसटू लागले. पखवाजाची धूम ऐकू येत होती, म्हणून कान शाबूत आहेत असेच ते म्हणत राहिले. तुझा बेसही खालच्या स्वरांचा असल्याने तुझी अशीच फसगत होईल, ही भीती मला झोपू देत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, 88 चा चार तास आणि 100 चा अवघी पंधरा मिनिटे, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे. तुमची एक रचनाच कधीकधी पंधरा मिनिटे चालते.

पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. आवाज कमी केला की संगीताचा जीव जातो, असे तू मागे म्हणाला होतास. ज्या जॉन मॅकलाफलिन यांना तू इतके मानतोस, ते महाविष्णू ऑर्केस्ट्रा या आपल्या बँडमधल्या कानठळ्या बसवणाऱ्या विजेच्या गिटारनंतर ‘शक्ती’ या बँडमध्ये साधी, अकूस्टिक गिटार घेऊन झाकिर हुसेन यांच्या तबल्याशेजारी आणि विक्कू विनायकराम यांच्या घटमशेजारी बसले. त्यांचे कारण कानांचे होते असे मी म्हणत नाही, पण त्या वादनात जीव नव्हता असे तू तरी म्हणशील का? बेसवादक जॅको पास्टोरियस 1976 मध्ये ‘वेदर रिपोर्ट’ या बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये पस्तिशीतच गेला, हे वाचल्यापासून आई त्याचे तुझ्या खोलीतले चित्र पुसताना थबकते. मला त्या वाटेचे भय वाटत नाही. तुझी वाट वेगळी आहे. मला भय आहे ते तुझ्या उजव्या कानाचे.

फोमच्या बोळ्यांनी वरचे स्वर जास्त दबतात आणि वाजवणाऱ्याला सगळे गढूळ ऐकू येते, ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून कानाच्या साच्यावरून बनवलेले, सगळे स्वर सारखेच कमी करणारे वादकांचे इअरप्लग घे. पैसे मी देतो. हे कर्ज नव्हे. साचा आणि ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, या दोन्हींसाठी शनिवारी सकाळी दहाची वेळ राम मारुती रोडवर घेतली आहे. त्याआधी मोठ्या आवाजात सराव करू नकोस. अहवाल काहीही आला तरी मलाच आधी दाखव, आईला नंतर सांगू.

तुझा,
बाबा