बाबा, निघण्यापूर्वी वजन करून घ्या

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आपण सहाही जणांनी एकाच गाडीतून, मागे आमचा राहायचा ट्रेलर जोडून सहलीला जायचं, यावर परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गाडी 5000 पौंड ओढते, ट्रेलर 3640 चा, मग अडतंय कुठे?" मुलांच्या कलकलाटात नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. ट्रेलर घेताना माझाही हिशेब हाच होता, त्यामुळे तुम्हाला हसायची सोय नाही.

3640 हे ट्रेलरचं कोरडं वजन. म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हाचं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, आणि आपण भरतो त्यातलं काहीच नाही. गेल्या महिन्यात सगळं भरून मी तो हायवेलगतच्या ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेला. काट्याचे सलग तीन पाट असतात: पुढच्या पाटावर गाडीची पुढची चाकं, मधल्यावर मागची, शेवटच्यावर ट्रेलरची. मग बटण दाबून आतल्या बाईंशी बोलायचं. ते बटण ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर! मला खाली उतरून हात वर करून दाबावं लागलं, मागचा ट्रकवाला मजा बघत होता. नंतर ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी पुन्हा तोलली. दोन पावत्यांची वजाबाकी केली तर ट्रेलर भरला 4480 पौंड. 840 पौंड वाढले कुठून? 30 गॅलन पाण्याचेच 250. बाकी गॅसच्या टाक्या, बॅटरी, खुर्च्या, भांडी, अंथरुणं. एकेक वस्तू हलकीच होती हो.

तरी 5000 च्या आतच, असं तुम्ही म्हणाल. पण खरी मेख पुढे आहे. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. पुढचा निमुळता दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकतो आणि तो भार गाडी अंगावर घेते. इथे त्याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के एवढं ते असावं लागतं. आमचं काट्यावर 580 निघालं. आता ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून 1320 पौंडांच्या वर जायचं नाही, असं आमच्या गाडीच्या स्टिकरवर लिहिलंय. हे 580 त्यातूनच वजा होतात, ट्रेलर गाडीला जोडायचा लोखंडी सांगाडा (इथे त्याला 'हिच' म्हणतात) 80 चा, तोही त्यातूनच. गाडीतलं किडूकमिडूक 110. आम्ही चौघं 467. बेरीज 1237, म्हणजे 83 शिल्लक. जेमतेम बसतं.

आता त्यात तुम्ही आणि आई. तुमचे 72 किलो, आईचे 65 धरले (आईला विचारलं नाही, विचारणारही नाही), म्हणजे 302 पौंड. झाले 1539. मर्यादेच्या वर 219. ओढायची ताकद शिल्लक आहे, पण पाठीवर घ्यायची संपली. जाहिरातीतल्या 5000 ची चाचणी होते तेव्हा गाडीत फक्त दोघं धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. सहा माणसांचं कुटुंब त्या आकड्यात कुठेच नाही. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

"पाणी ओतून टाक, सामान मागे सरकव" हा तुमचा पुढचा सल्ला मला आत्ताच ऐकू येतोय. आमची पाण्याची टाकी ट्रेलरच्या चाकांच्या मागे आहे. ती रिकामी केली की ट्रेलर हलका होतो, पण गोळ्यावरचा भार उलट वाढतो! सामान मागे ढकलायचा प्रयोग तर मी करून बसलोय. मुलांच्या सायकली, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, सगळं मागच्या टोकाला टाकलं. बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते, तसंच. इंटरस्टेट 5 वर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. आरशात त्याची एक बाजू दिसे, मग दुसरी. ब्रेकवर पाय मारावासा वाटतो, पण तो मारायचा नसतो. मी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरचा छोटा दांडा हाताने सरकवला, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. चार-पाच हेलकाव्यांनंतर तो सरळ झाला. सूनबाई त्यानंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. इथे ट्रेलर ओढताना ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. त्या दिवसापासून मी 55 ला टेकतसुद्धा नाही.

तर ठरलंय असं: दोन गाड्या न्यायच्या. सूनबाईंच्या छोट्या गाडीत आई, धाकटा आणि तुमच्या बॅगा. माझ्याबरोबर तुम्ही आणि थोरली. तेव्हा बेरीज 1196 होते, 124 शिल्लक. माझ्या शेजारी बसून आरशात ट्रेलरकडे लक्ष ठेवायचं काम तुमचं.

निघायच्या आदल्या दिवशी बूट घालून, खिशात जे असतं ते सगळं ठेवून एकदा काट्यावर उभे राहा आणि आकडा कळवा. 72 हा तुमचा गेल्या वेळचा आहे.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ