पिन एक झाली, चार्जर अजून वेगळेच

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : टाइप-सी फोनमधील कंपनीनिहाय फास्ट चार्जिंग आणि बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) मानक

महोदय,

कोणत्याही घरातले दोन चार्जर उचलून त्यांच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. एकावर ‘आउटपुट ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर’ असेल, दुसऱ्यावर ‘१० व्होल्ट ६.५ अँपिअर’. फोनकडची पिन दोन्हींची टाइप-सीच. दुसरा चार्जर त्याच्या कंपनीच्या फोनला ६५ वॉट देतो. पण त्याच फोनला बाजारातला १०० वॉटचा पॉवर डिलिव्हरी (कोणत्याही एका कंपनीची नसलेली, सामायिक फास्ट चार्जिंग पद्धत) चार्जर लावला, तर मॉडेलनुसार कधी २७, कधी १८, कधी जेमतेम १० वॉट मिळतात. शंभर वॉटचा चार्जर घेऊन फोन तासन् तास लावून ठेवणाऱ्या ग्राहकाला वाटते, चार्जर डुप्लिकेट निघाला. चार्जर अस्सल असतो. त्याची आणि फोनची भाषा जुळलेली नसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या खात्याने बोलावलेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर एकमत झाले. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ हे मानक जाहीर केले. चांगलेच झाले. पण हे मानक सॉकेट, प्लग आणि केबलचे आहे. ५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉटपर्यंतचा व्यवहार त्यातच मिटतो. त्यापुढे किती व्होल्ट, किती अँपिअर, ही बोलणी चार्जर आणि फोनने कशी करायची हे शेजारच्या भागात, ६२६८०-१-२ मध्ये आहे. पॉवर डिलिव्हरी म्हणतात ती हीच.

युरोपीय संघाने २०२२ च्या २३८० क्रमांकाच्या निर्देशात हे दोन्ही भाग एकत्र घेतले. फोनसाठी तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. १५ वॉटच्या वर जाणाऱ्या प्रत्येक उपकरणात पॉवर डिलिव्हरी असलीच पाहिजे, हा एक नियम. कंपनीला स्वतःची पद्धत ठेवायची तर खुशाल ठेवावी, पण तिच्यापायी पॉवर डिलिव्हरीच्या पूर्ण क्षमतेला कात्री लागता कामा नये, हा दुसरा. आम्हाला इथे हवी ती हीच दुसरी ओळ.

ती का हवी, हे आयफोनच्या ‘लाइटनिंग’ पिनेच्या इतिहासातून कळते. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर आलेली ती पिन २०२३ च्या आयफोन १५ पर्यंत नव्या फोनांत टिकली. अकरा वर्षांत माणसाच्या घरी, गाडीत, ऑफिसात केबल आणि डॉक साचत गेले, आणि दुसरा फोन घ्यायचा म्हटले की आधी हे भंगार डोळ्यांसमोर यायचे. कंपन्यांच्या भाषेत ही ग्राहकनिष्ठा. दावणीला बांधलेली गाय संध्याकाळी गोठ्यातच सापडते, म्हणून तिला गोठा आवडतो असे कोणी म्हणत नाही. आज ती दावण पिनेतून वॉटमध्ये सरकली आहे. घरात एकाच कंपनीचे दोन ६५ वॉटचे चार्जर असले की तिसरा फोनही त्याच कंपनीचा येतो, कारण दुसरा आणला तर दोन्ही चार्जर त्याच्यासाठी निम्म्याहून कमी कामाचे.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. वेगळी पद्धत काढण्यामागे केवळ धंदा नव्हता. पॉवर डिलिव्हरीच्या जुन्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या. बॅटरी साधारण ४ व्होल्टची. ९ चे ४ करण्याचे काम फोनच्या पोटात होते आणि त्यात उष्णता निघते. उन्हाळ्यात फोन हाताला चटका देतो तो काही अंशी म्हणूनच. व्होल्ट कमी ठेवून अँपिअर वाढवले की ही उष्णता चार्जरकडे ढकलता येते. कल्पना हुशारीची होती. पण पीपीएस ही सोय पॉवर डिलिव्हरी ३.० पासून उपलब्ध आहे. तिच्यात फोन चार्जरला २० मिलिव्होल्टच्या बारीक पायरीने व्होल्टेज वर-खाली करायला सांगतो. तेव्हा वेगळी भाषा ठेवण्याचे तांत्रिक कारण आता बरेच पातळ झाले आहे.

खोक्यातून चार्जर काढण्याबद्दल. २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर ही वाट पडली आणि ई-कचरा कमी होईल हे कारण दिले गेले. कारण खोटे नाही. पण क्रम चुकला तर ग्राहक दोनदा नागवला जातो. पॉवर डिलिव्हरी सक्तीची नसताना चार्जर काढू दिला, तर पूर्ण वेगासाठी त्याच कंपनीचा चार्जर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागेल, आणि घरातला जुना चार्जर खणात पडून राहील. कचरा तेवढाच, खर्च जास्त. म्हणून आधी सक्ती, मग मोकळे खोके. युरोपात खोक्यावर चार्जर आत आहे की नाही याचे चित्र असते. शेजारी फोनला किमान किती आणि पूर्ण वेगासाठी किती वॉट लागतात ते आकडे, आणि पॉवर डिलिव्हरी चालत असेल तर तशी अक्षरे. आपल्याकडे वेष्टनावर काय छापायचे ते ठरवणारे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ आपल्याच खात्याकडे आहेत. दुसऱ्या मंत्रालयाच्या दारात जायचीही गरज नाही.

फोनपेक्षा जास्त गोंधळ मात्र स्वस्त वस्तूंत आहे. ट्रिमर, छोटे स्पीकर, हातपंखे, मुलांची खेळणी. सॉकेट टाइप-सीचे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने लावली तर दिवाच लागत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने लावली की लगेच चार्ज होते. दुकानदार म्हणतो, नव्या चार्जरला हे चालत नाही. खरे कारण असे : जुन्या चौकोनी भोकात ५ व्होल्ट कायम असतात, तर टाइप-सी चार्जर समोर कोणी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खात्री त्याला सॉकेटमधल्या दोन सीसी पिनांवरच्या ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांवरून होते, प्रत्येक पिनेला एक. त्यांची किंमत पैशांत. तेवढेच वाचवलेले असतात.

(दुरुस्तीवाले ‘सीसी’ म्हणतात ते अख्ख्या चार्जिंग कनेक्टरला. इथल्या सीसी पिना वेगळ्या. या नामसाधर्म्यामुळे गल्लोगल्ली भांडणे होतात.)

चूक नावाजलेल्यांकडूनही होते. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. ओळख-चिप असलेली केबल लावली की चार्जरला समोर हेडफोनसारखे काही असल्याचा भास होई आणि तो वीजच देत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले. इथल्या ट्रिमरला पुढची आवृत्ती नसते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल पॉवर डिलिव्हरी चार्जरला लावावी, वस्तू चार्ज होते का पाहावे. मग वस्तूकडची पिन उलटी करून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा चालली तर ठीक. एकाच बाजूने चालली तर नव्या वस्तूत एक रेझिस्टर कमी आहे. जुन्या फोनमध्ये अशी तक्रार आली तर बहुधा एका सीसी पिनेवर गंज किंवा खिशातला कापूस बसलेला असतो. कोकणात पावसाळ्यानंतर हे नेहमीचे. (कापूस लाकडी टूथपिकने काढावा, सुईने नव्हे. टाइप-सीची जीभ फोनच्या सॉकेटमध्ये असते, ती मोडली की कनेक्टरच बदलावा लागतो. लाइटनिंगची जीभ केबलला होती, एवढे श्रेय तिला द्यायला हवे.) ज्या वस्तूवर टाइप-सीचे सॉकेट आहे तिच्या नोंदणीच्या चाचणीत ही दोन मिनिटे घालावीत. नोंदणी बीआयएस करते आणि बीआयएस आपल्या खात्यात येते.

केबलचेही तसेच. ३ अँपिअरपर्यंत साधी केबल चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या पिनेत ओळख-चिप लागते. ती नसेल तर चार्जर कितीही मोठा असो, गाडी ६० वर अडते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. यूएसबीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये ‘६० वॉट’ आणि ‘२४० वॉट’ अशी चिन्हे ठरवली, पण ती ऐच्छिक आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टाइप-सी केबलच्या पिनेवर हा आकडा कोरलेला असावा. वेष्टनावर नको. वेष्टन दुकानाच्या पायरीवरच फाडले जाते.

कळावे,
मोबाइल दुरुस्ती आणि चार्जर-जोडणीच्या कामातले आम्ही काही जण