जोडवी काढली, पण मशीन बंद : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

परवा पहाटेच्या एसटीने आईला घेऊन आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. एमआरआयला अंगावर धातू चालत नाही, म्हणून लग्नापासून कधी न निघालेली जोडवी आदल्या रात्री साबण लावून काढली. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्टही सोबत होता. अकरा वाजता खिडकीतून उत्तर आलं, "मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात विचारा." ही तारीख अडीच महिन्यांपूर्वी दिलेली होती, साहेब.

आईच्या उजव्या डोळ्यात मेलानोमा, म्हणजे डोळ्याच्या आतला कॅन्सर. मुंबईत डोळ्याला रुथेनियमची, म्हणजे किरणं सोडणाऱ्या धातूची चकती टाके घालून बसवली, काही दिवसांनी काढली. गाठ आटली, डोळा वाचला. पण त्याच किरणांनी पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आता आत रक्त साकळलंय, डॉक्टरांना बाहुलीतून काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत पडदा सुटल्याची शंका आहे. गाठ पुन्हा वाढतेय का, डोळ्याची नस सुजलीय का, हे कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये कळेल, असं ते म्हणाले. नसेला इजा झाली तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. माझी आई ब्लाउज शिवते, त्यावर आमचं घर चालतं. अडीच महिने ती एका डोळ्याने सुईत दोरा ओवतेय आणि मला म्हणते, तू रडू नकोस.

रुथेनियमच्या अशा चकत्या आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवल्या आहेत, अणुकचऱ्यातून रुथेनियम वेगळं काढून! हे ज्या राज्यात घडतं, तिथे विकत आणलेलं एक मशीन चालू ठेवता येत नाही? फीत कापली तेव्हा भाषणात ऐकलं होतं, आता मुंबईच्या खेपा बंद. रांगेतल्या बायका सांगतात, सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडलं. खरेदीला सगळे पुढे, देखभालीचा करार कुणाच्या टेबलावर पडलाय ते कुणी सांगत नाही. तंत्रज्ञ कंत्राटी, त्याचाही पगार थकलेला. बाहेर नऊ हजार मागतात. जनआरोग्य योजनेचं विम्याचं कवच दीड लाखाचं पाच लाख केलंत, पण नुसत्या तपासणीला ते लागू नाही असं आम्हाला काउंटरवर सांगितलं. तपासणीच नाही तर उपचार कशावर करायचे?

आई जोडवी परत घालायला तयार नाही, पुन्हा काढावी लागतील म्हणते.

मला या पत्राची पोच नको. मशीन कोणत्या तारखेला चालू होणार, तेवढं लेखी कळवा.

आपली,
एका रुग्णाची मुलगी