बाय, मायक्रोफोनपुढे बसायच्या आधी

प्रिय बाय,

बँक सोडून रेडिओवर निवेदन करते, संगीतावर पुस्तक लिहिते असं तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, मी फटकन "नोकरी सोडू नको" म्हटलं आणि तू गप्पच झालीस, तेव्हापासून मला चैन नाही. आता बाल्कांवात बसून लिहितोय, पाऊस धो धो आहे, लाईट जाते येते.

नोकरीचं आधी संपवतो. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, अनाऊन्सरला पैसे ड्युटीप्रमाणे, आणि ड्युट्या महिन्यात मोजक्याच. संगीतावरच्या पुस्तकाने तर घर चालत नाही. म्हणून बँक अजून वर्षभर राहू दे, शनिवार-रविवारच्या ड्युट्या घे. बाकी तू हे करावंस असं मला अगदी मनापासून वाटतं, तेच नेमकं सांगायचं राहून गेलं.

आपल्या घरात कुणी गाणारं नव्हतं गो. मला गाणं कळायला लागलं ते रेडिओच्या पणजी स्टेशनमुळे. मी शाळेत असताना एकदा सकाळी रेडिओवर तोडी राग लागायचा होता, निवेदक एवढंच म्हणाले की यातला पंचम, म्हणजे प, पटकन हाती लागणार नाही, वाट बघा. मी दप्तर पाठीवर घेऊन तसाच दारात उभा राहिलो वाट बघत, आणि तो आला तेव्हा अंगावर काटा आला. शाळेला उशीर झाला, मार खाल्ला, पण तो पंचम अजून आठवतो. त्या निवेदकाचं नाव मला आजही माहीत नाही. तुझं काम म्हणजे हेच, ऐकणाऱ्याला एक खूण दाखवायची आणि बाजूला व्हायचं.

आता गायिका केसरबाई केरकरांचं घे. त्यांची भैरवी व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली हे सगळेच सांगतात, तूही सांगशील, सांग. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं आणि बाई 16 सप्टेंबरला गेल्या, अकरा दिवसांनी, हे मला दर वेळी हलवून सोडतं. पण हे सांगून माणूस थक्क होतो, ऐकत नाही. त्याला सांग की साडेतीन मिनिटांचीच तबकडी आहे, तेवढ्यात बाई कुठेही घाई करत नाहीत, तो मोकळा 'आ'कार ऐका. मग कोण केरीच्या, कोण जयपूर घराण्याच्या, हे नंतर सांगितलंस तरी चालेल.

माझी एक चूक सांगतो, कारण तीच तू करशील अशी भीती वाटते. आमच्या गावच्या बैठकीत मी एकदा कलाकाराची ओळख करून द्यायला उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो, घराणं, गुरू, पुरस्कार, सगळं. पावसाळी हवा, तेवढ्यात तानपुऱ्यांचे सूर उतरले. गायिका काही बोलल्या नाहीत, परत जुळवत बसल्या, पण लागलेलं वातावरण गेलं ते गेलंच. मला रात्रभर झोप नाही आली.

रेडिओवर तर समोर चेहराही नसतो. कुणी मासळी तळतंय, कुणी गाडीत आहे, कुणी आजारी पडून आहे. आणि बातम्यांची वेळ झाली की शेवटची जलद चीज, द्रुत, रंगात आलेली असली तरी फेडर, म्हणजे आवाजाची कळ, खाली! ते टाळायचं असेल तर रेकॉर्डिंगची लांबी आधी बघ, तुझं बोलणं कमी कर, पण गाणं मध्येच कापू नकोस. रागाच्या नावाबरोबर तबला आणि पेटीवाल्याचं नावही दर वेळी घे, ते घरी सगळ्यांना घेऊन ऐकत बसलेले असतात.

पुस्तकाचं म्हणशील तर घाई नको, पण वही आजपासून ठेव. काय लावलं, काय ऐकू आलं, कुणाचा फोन आला, सगळं तारखेसकट. गवयांच्या गोष्टी आपल्याकडे फार रंगवून सांगतात, दोन वेगळ्या माणसांकडून पक्की झाल्याशिवाय एकही छापू नकोस.

आणि सुरुवात कुर्डीपासून कर असं मला वाटतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, गोव्यातल्या साळावलीच्या धरणात बुडालं, मे महिन्यात पाणी ओसरलं की देऊळ आणि घरांची जोती दिसतात. माणसं वाडें-वालकिणीत गेली, त्यातली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना विचार गाव असताना देवळात काय वाजायचं. केसरबाई आणि मोगूबाई, दोघी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, दोघी आपल्या गोव्याच्या, पण एकीचं गाव नकाशावर आहे आणि दुसरीचं वर्षातून महिनाभरच दिसतं. यावर नीट बसून कुणीतरी लिहायला हवं, आणि ते तू लिहावंस.

मे मध्ये मी गाडी काढतो, तू रेकॉर्डर चार्ज करून आण. चवथीला येशील तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढू, पावसाने बुरशी लागायच्या आत.

पहिल्या ड्युटीचा टाईम कळव. आई आत्तापासून विचारतेय.

बाबा