हळदीची कॅप्सूल आणि डब्यातली हळद एक नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत हळदीवर लेख आला होता, सूज, संधिवात, डायबेटीस, हार्ट, कॅन्सर सगळ्यावर हळद. वाचून बरं वाटलं, कारण आम्ही सांगलीचे, वडिलांची मार्केट यार्डात अडत होती, हळकुंड मोडून खणकन आवाज येतो का आणि आत रंग कसा आहे हे बघतच मी मोठा झालो. आता खरेदीदार आधी करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा मुख्य घटक, किती टक्के ते विचारतात. त्यामुळे हळदीला कोणी नावं ठेवली तर मला राग येतो हे आधीच सांगतो. पण त्या लेखात एक गोष्ट नव्हती आणि तीच आमच्या घरात नडली.

आईचं वय ७४, हार्टचा व्हॉल्व बदललेला, रक्त पातळ व्हायची गोळी कायमची. गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी सांगितलं आणि तिने हळदीच्या कॅप्सूल चालू केल्या, रोज दोन, आम्हालाही माहीत नाही. दीड महिन्याने दात घासताना हिरड्यातून रक्त यायला लागलं, रिपोर्ट काढला तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, बराच वर गेलेला, रक्त जास्तच पातळ झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? आई म्हणाली नाही. खोटं नव्हती बोलत हो, तिच्या लेखी हळद हे औषधच नाही, ते स्वयंपाकातलं. डबीत त्या पिवळ्या कॅप्सूल मला दिसल्या म्हणून कळलं. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण बंद करा. बंद केल्या, पुढचा रिपोर्ट ठीक आला.

मग मी जरा हिशोब केला. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के धरा, म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम. त्या बाटलीवर लिहिलंय ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिन. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पाच चमच्यांहून जास्त हळदीचं करक्युमिन, आणि आपण अख्ख्या घराच्या आमटीला अर्धा चमचा टाकतो! वर त्यात काळ्या मिरीचं पायपरिन. करक्युमिन अंगात फार टिकत नाही, आतडं आणि लिव्हर ते पटकन बाहेर काढतात, पायपरिन ते काढणं अडवतं. १९९८ साली बंगळुरूच्या डॉक्टरांनी दाखवलं की पायपरिन दिलं की माणसाच्या रक्तात करक्युमिन जवळपास वीसपट जास्त पोचतं. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असतं. पण तेच पायपरिन बाकीच्या काही गोळ्यांचं बाहेर पडणंही अडवू शकतं, हे कुठेच नसतं. अमेरिकेत तर अशा कॅप्सूल खाऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट डॉक्टरांनी नोंदवलेत, त्यातला एक दगावला.

याचा अर्थ हळदीत काही नाही असा नाही. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ पेशंटवर ट्रायल झाली, तिचा निकाल २०१४ साली छापून आला, निम्म्यांना हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम, निम्म्यांना आयब्युप्रोफेन ही नेहमीची दुखण्यावरची गोळी, चार आठवडे, आणि अर्क दुखण्यावर गोळीइतकाच उतरला, पोटाचा त्रासही कमी. ही चांगलीच बातमी आहे. पण चार आठवडे, देखरेखीखाली, मोजून. कॅन्सरचं म्हणाल तर प्रयोगशाळेत काचेच्या डिशमधल्या पेशींवर करक्युमिन खूप काही करतं, माणसात तसं सिद्ध झालेलं नाही, आणि २०१७ साली केमिस्ट्रीवाल्यांनी एक मोठा आढावा घेऊन सांगितलं की हा रेणू टेस्टमध्येच फसवतो, नसलेला परिणाम दाखवतो.

लेखात पेटंटचा उल्लेख होता, अमेरिकेने १९९५ ला हळदीचं पेटंट दिलं आणि शास्त्रज्ञ डॉ. माशेलकरांनी ते लढून १९९७ ला रद्द करून घेतलं. अभिमान मलाही आहे. पण ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं, आणि रद्द झालं ते आपल्याकडे हे आधीपासून माहीत आहे म्हणून, जुनी पुस्तकं आणि १९५३ चा एक पेपर दाखवून. त्यातून हळदीने डायबेटीस बरा होतो हे कसं काय सिद्ध झालं ते मला कळलं नाही.

तर एवढीच विनंती, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एक चौकट टाका: रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, लिव्हरचा त्रास असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि डॉक्टरांनी विचारलं तर हळद, काढा, चूर्ण सगळं सांगा. दोनच ओळी लागतात.

आई हळदीचं दूध अजून घेते, ते डॉक्टरांनी चालेल म्हटलंय. कॅप्सूलच्या बाटलीत अर्ध्या शिल्लक आहेत, मावशी म्हणते फुकट कशाला घालवता, मला द्या, माझेही गुडघे दुखतात. ती बाटली मी कपाटावर लपवून ठेवलीय.

आपला,
एक जुना वाचक, सांगली