दिवा विझला म्हणून गाडी सोडू नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गाडीच्या कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची नजर नेमकी सरळ लावायचं काम, त्याच्या ट्रेनिंगला तू गेलीस त्याला पाच दिवस झाले. पोचल्याचा फोन आईला आला, मला नाही. बरोबरच आहे. गॅरेजची जमीन या कामाला पुरेशी सपाट नाही, असं तू म्हणालीस, त्यावर "30 वर्षं याच जमिनीवर गाड्या दुरुस्त झाल्या, कुणाची तक्रार नाही," असं मी ज्या आवाजात बोललो, तो आवाज निघायच्या दिवशी तुझ्या कानात जायला नको होता.

काल रात्री शटर ओढलं आणि आप्पांची पातळी बघायची पाण्याची नळी काढली. एक टोक धाकट्याने धरलं, एक मी. नळीत बुडबुडा राहिला होता, पहिलं माप वाया गेलं. पुन्हा भरली. तू ठरवलेल्या जागेवर, पुढच्या डाव्या चाकापासून मागच्या उजव्या चाकापर्यंत, 14 मिलिमीटर उतार निघाला. तिसऱ्यांदा मोजलं, तेवढाच. धाकटा काही बोलला नाही, खडूने फुली मारून उठला. तुझंच खरं होतं. गाडी कलती उभी राहिली तर काचेमागचा कॅमेराही कलताच बघणार, मग त्याच्यासमोरचा खुणांचा टार्गेट बोर्ड कितीही नेमका लावा. जमीन नवी करून घेऊ. खिडकीला जाड पडदा लावतो, बोर्डावर उन्हाची तिरीप नको. टायरचा रॅकही हलवतो, रडारच्या समोर लोखंड नको म्हणाली होतीस ना.

पण जागेने माझी झोप उडालेली नाही. झोप उडाली आहे तुझ्या सहीने. काम झाल्याच्या कागदावर आता तुझी सही असणार. तू लिहून ठेवलेला हिशोब मी पुन्हा मांडून पाहिला: कॅमेरा एक अंश जरी चुकला, तरी 100 मीटरवर नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते. म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. आणि आत बसलेल्याला काहीच कळत नाही. त्याच्या समोरचा बिघाडाचा दिवा विझलेला असतो.

म्हणून सांगतो, आधी टायरची हवा बघ. डिकी रिकामी कर. चाकांची अलाइनमेंट आधी, कॅलिब्रेशन नंतर, कारण मागची चाकं गाडीला जिकडे ढकलतात तीच तिची सरळ रेषा. बॅटरीला चार्जर लावून ठेव, मध्येच व्होल्टेज पडलं तर सगळं पहिल्यापासून. बंपरला पुटीचा थर दिसला तर रडारला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला दाखव. 77 गिगाहर्ट्झची लहर चार मिलिमीटरचीही नसते, जाड लेपातून ती धड जात नाही. आणि बोर्डाचं अंतर दर वेळी त्या मॉडेलच्या पुस्तकातून घे, पाठ असलं तरी.

बघ, सुरू झालो. हे सगळं मला तूच शिकवलंस, पिवळ्या वहीत आकृत्या काढून. माफ कर.

तू सात वर्षांची असताना गाडीखाली माझ्यासाठी बॅटरी धरायचीस. मोठी माणसं पाच मिनिटांत उजेड भलतीकडे नेतात. तुझा हात दुखायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण उजेड मी बघतोय तिथून हलायचा नाही. त्या वर्षीची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गिऱ्हाईक दारात घाई करत होतं. मी चाकाचे नट हातानेच बसवले, पाना फिरवायचा राहिला, आणि गाडी सोडली. तासाभरात तो परत आला, चाक खडखडतंय म्हणून. चार नट ढिले, एक गळून पडलेला. मागच्या सीटवर त्याची मुलं होती. त्यानंतर पाना फिरवल्याशिवाय एकही गाडी माझ्या हातून गेली नाही. पण मला त्या खडखडीने वाचवलं ताई. तुझ्या कामात काही खडखडणार नाही.

गिऱ्हाईक तुझ्याही दारात उभं राहील. रस्त्यावर चालवून करायचं कॅलिब्रेशन असेल, पाऊस लागलेला असेल, लेनचे पट्टे दिसत नसतील, आणि तो म्हणेल, "मॅडम, दिवा तर गेलाय, द्या ना गाडी." तेव्हा देऊ नकोस. मी गल्ल्यावर बसलेलो असलो आणि मीच म्हणालो, "सोड आता," तरी देऊ नकोस. त्या दिवशी माझ्यावर ओरड, चारचौघांत ओरड.

परवा शेजारच्या काकांना सांगत होतो, आमच्या ताईने स्कॅनरचा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट प्रत्येक गाडीच्या फाइलला लावायची पद्धत घातली आहे. ते म्हणाले, तीन वेळा सांगून झालं.

जमिनीचं काम करणारा सोमवारी येतोय. गाडीच्या पुढे किती लांबीपर्यंत आणि दोन्ही बाजूंना किती रुंद जागा सपाट हवी, ते मला सांग. खडूच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत, आईलाही पुसू दिल्या नाहीत. निरोप तिच्याकडे देऊ नकोस. मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझे,
बाबा