चार व्हायोलिनांचा कंचेर्तो बसवताना

अॅम्स्टरडॅम

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेकीच्या ग्रुपने इटालियन संगीतकार विवाल्डीचा चार व्हायोलिनांचा बी मायनर कंचेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) घेतलाय, हे वाचून फार आनंद झाला. १७११ साली तो इथेच, अॅम्स्टरडॅममध्ये छापला गेला. बारा कंचेर्तोंच्या संचातला हा दहावा. पुढचं तिलाच वाचायला दे.

मूळ छपाईत वादकांच्या स्वरलिपीच्या आठच वह्या आहेत: चार व्हायोलिन, दोन व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य), एक चेलो आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य)-बासची एक. म्हणजे मागे व्हायोलिनांचा वेगळा ताफा लागत नाही. मुलं जास्त असतील तर एका पार्टवर दोघं बसवा. पण ‘सोलो’ आलं की मागच्याने थांबायचं, ‘तुत्ती’ला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या जागी, परत यायचं. गोंधळ इथेच होतो, म्हणून पहिल्याच दिवशी पेन्सिलने खुणा करून घ्या. दुसरा व्हायोला मिळत नाही म्हणून तो पार्ट व्हायोलिनला देऊ नका. व्हायोलिनला खालची सी तारच नसते.

खरी मेहनत मधल्या लार्घेत्तोवर, म्हणजे संथ भागावर, करा. चौघं एकाच कॉर्डचे (एकत्र जुळणाऱ्या स्वरांच्या गटाचे) स्वर सुटे करून वाजवतात, पण प्रत्येकाचा गज वेगळा लिहिलाय: कुणी बत्तिसाव्या मात्रेत (अगदी छोट्या स्वरांत) झरझर, कुणी एका गजात स्वर जोडून, कुणी प्रत्येक स्वर सुटा. या फरकामुळेच तो आवाज झगमगतो. ऑर्केस्ट्रात सगळ्यांचे गज एका दिशेने चालवायची सवय असते, त्यामुळे मुलं नकळत सारखं वाजवू लागतात आणि सगळं सपाट होतं. आधी नुसत्या कॉर्ड लांब धरून सूर जुळवा. मग एकेकाचा गज स्वतंत्र, मग दोघं-दोघं, शेवटी चौघं. लय बत्तिसावीवाल्याच्या हाताला झेपेल तीच ठेवा. तो धावला की बाकीचे तिघं ऐकूच येत नाहीत. चौघांना एका रांगेत न बसवता अर्धवर्तुळात बसवा.

रेकॉर्डिंगबरोबर सराव करताना सांभाळा. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे बरेच ग्रुप ‘ए’ हा स्वर ४१५ हर्ट्झला लावतात, तुमची ४४० ला असतील, तर अर्ध्या स्वराचा फरक पडतो. बाखने हाच कंचेर्तो चार हार्पसिकॉर्डांसाठी ए मायनरमध्ये उतरवलाय. तो जरूर ऐका, पण गजासाठी त्याचा उपयोग नाही.

शेवटचा भाग ६/८ मध्ये आहे, तो मोजताना मापात दोनच ठोके धरा.

तालमीचं रेकॉर्डिंग पाठवा, लार्घेत्तोचं आधी. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ